किल्ली

गोळी चावून खायची, गिळायची नाही,
छबूताई तिसऱ्यांदा सांगते,
आणि खडू खाल्ल्यासारख्या पांढऱ्या जिभा काढून
सगळी शाळा हसते.
ऑगस्टातली झड. कागलकडचा रस्ता दिसत नाही.
व्हरांड्यात चपलांचे एकसष्ट जोड.
मुलं चौसष्ट.

तिघांतली एक प्रणोती, चौथीतली.
बाप चपला बांधतो तिचा.
त्याच्या हातची कानवाली, वेणी घातलेली,
कोल्हापुरात काचेमागं बसते दिव्याखाली.
हिच्या पायात म्हणे काही टिकत न्हाई.
‘हरवती ओ, किती घ्यायच्या?’

अळी दार वाजवत नाही.
ओल्या मातीतून बोटांच्या बेचक्यात,
जराशी खाज. चिखल्या असतील, लावा तेल.
तोवर ती रक्तातून छातीत,
खोकल्याबरोबर घशात,
आणि पोरगी स्वतःच गिळून तिला घरी पोचवते.
मग भाडं नाही, करार नाही,
आतड्याला दात लावून राहणं.

आई म्हणते, गूळ लई खाती, तेनं जंत हुत्यात.
आमच्या भागात सगळं गुळावर ढकलायची सोय आहे.
वावडिंग दिलं, शेपा दिल्या,
अमावास्येला मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.
खिचडी ती दोनदा घ्यायची
आणि दंड माझ्या दोन बोटांत मावायचा.

तिकडं इंद्रजित खोत. पहाटे तालमीत.
दूध, बदाम, थंडाई, बापानं म्हैस घेतली खास.
वस्ताद म्हणतो, गुरुजी, पोरगं वाळकं चिपाड.
अहो, खुराक पोचतोय की,
आत दुसरेच पैलवान पोसलेत.

हे मी आज हसून लिहितोय.
प्रणोती भिंतीचा पोपडा काढून खायची.
मी पट्टी मारली बोटांवर.
दुसऱ्या वेळी तिनं हात मागं घेतला नाही.
मला वाटलं, कोडगी आहे.
पथकानं बोट टोचलं, कार्डावर आकडा आला:
सहा पूर्णांक आठ.
पापणी खाली ओढून छबूताईनं मला दाखवली,
आत कागद होता, कोरा.
प्रगतिपुस्तकात माझंच अक्षर:
लक्ष नाही. झोपाळू. पालकांनी दखल घ्यावी.

‘आज मरत्याल ह्ये,’ छबूताई वही मिटत म्हणाली,
‘फेब्रुवारीत परत इऊ. पर गुरुजी,
पोरं बसत्यात कुठं?’

मी खिडकीकडं बघितलं.
खिडकीत ऊस होता,
उसात जायला एक पायवाट,
पायवाटेला लहान लहान पावलं.

शौचालय आहे. दोन खोल्या, गुलाबी रंग,
दारावर हात धुण्याची सहा चित्रं.
तपासणीत पैकीच्या पैकी मिळाले होते.
घाण होऊ नये म्हणून कुलूप.
किल्ली माझ्या खणात, डस्टरखाली.
दोन वर्षं.

कुलूप गंजलेलं. किल्ली अर्ध्यात अडकली.
इंद्रजितनं दगड आणला, तीन घावांत काम झालं,
तेवढं बळ होतं त्याच्यात, मी उगाच म्हणत होतो.
आत नवी बादली, किमतीची चिठ्ठी तशीच.
तोटी फिरवली.
खाकरली, तांबडा एक थेंब टाकला, गप्प झाली.
मग बोअरपासून ओळ लावली पोरांची,
हातोहात बादली,
निम्मं पाणी वाटेत, दंगा, भिजलेली दप्तरं,
सातवीच्या पोरी मात्र न हसता उभ्या,
त्यांना या दाराचं काय ते आमच्याआधी माहीत होतं.

पहिली कोण, विचारलं तर सगळे मागं सरले.
प्रणोती उरली पुढं.
उंबऱ्याशी थांबली, पांढऱ्या फरशीकडं बघत,
देवळात थांबावं तशी.
‘गुरुजी,’ म्हणाली,
‘पाय लई घाण हाईत माझं.
जाऊ व्हय?’