कानाचं काम

उद्यमबागेत, जिथं दुपारी तीनला फौंड्रीची भट्टी ओततात
आणि रस्त्यावरच्या चहालाही जळक्या वाळूचा वास येतो,
तिथं माझं लेथ.
इंजिनं बघितलेली ती पंपाची, पिठाच्या गिरणीची,
एकदा एका सर्कशीच्या जनरेटरचं.
विमानाचं हे पहिलंच.
टेम्पोतून आलं, पोत्यात गुंडाळून,
वर कोथिंबिरीच्या जुड्या.

चार सिलिंडर, एका ओळीत, उलटे,
वटवाघळं टांगल्यासारखे.
इराप्पा म्हणाला, "झोपलंय की मेलंय हे?"
मी म्हटलं, "आधी बोअर मोजू, मग रडू की."

मागोमाग ती आली, हलग्याची मंदाकिनी हुंदरे.
शर्यतीसाठी महिनाभर कुंदा सोडलेला,
हातातलं घड्याळ सोडलेलं,
राईस मिलच्या काट्यावर रोज उभी राहायची
आणि सीटमागचा एक पत्रा दाखवून विचारायची,
"हा कशाला?"
काढला.
वजन म्हणजे वेळ, म्हणाली,
आणि मला वाटलं, आमच्या धंद्यात उलटं,
वेळ म्हणजे वजन, किलोवर बिल.

एक थाऊ म्हणजे केसाचा तिसरा हिस्सा.
दीड थाऊ सोडला बेअरिंगला,
तेलालाही अंग टाकायला जागा लागते.
एकोणीस रात्री.
विसाव्याला मागच्या आवारात इंजिन चालू केलं
तेव्हा शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती
थेट पिरनवाडीच्या दिशेला.
तिनं लांब स्क्रूड्रायव्हर क्रँककेसवर टेकवला,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
"कुणी शिकवलं?"
"कुणी नाही. वर गेल्यावर
बोलायला दुसरं असतं कोण?"

सांबऱ्याला जानेवारीत शर्यत.
भुईमूग निघालेला, माळ मोकळा.
भोंग्यावर एक मराठीत ओरडायचा, एक कन्नडमध्ये,
आणि दोघांचंही विमानांपुढं काही चालेना.
बांबूवर रंगवलेली पिंपं, एक मोदग्याकडं,
एक मारीहाळच्या वाटेला,
त्यांना वळसा.
वळताना डावा पंख ढेकळांकडं, उजवा थेट सूर्याकडं,
आणि मधे ती, हलग्याची,
आपल्या वजनाच्या चौपट होऊन सीटमध्ये दाबलेली.

चौथ्या फेरीला दुसरी.
सहाव्या फेरीला पहिल्याच्या शेपटीला चिकटलेली.
लोक पिंपाखाली नाचत होते.
आणि मोदग्याच्या वळणाला
त्या सगळ्या गर्जनेत
टक्.
पातेल्यावर नखानं मारावं एवढंच.

इराप्पाचा शेंग फोडणारा हात थांबला.
आभाळाकडं बघत, देवळात बोलावं तसं म्हणाला,
"साकु. अक्का, साकु."
बास झालं.
आणि जणू ऐकलंच तिनं,
आवाज खाली बसला.
पिवळं विमान रांगेतून बाहेर निघालं,
दोन विमानं तिला ओलांडून गेली, मग तिसरं,
आणि ती लांबचा वळसा घेत
धावपट्टीवर उतरली,
बांधावरून सायकल हातानं उतरवावी तशी.

मागचा एकजण म्हणाला, बाईमाणूस, घाबरली.
इराप्पानं त्याच्याकडं बघितलं फक्त.

रात्री उघडलं. तिसरं बेअरिंग.
मसुरीएवढा पांढरा धातू उकललेला.
अजून एक फेरी, आणि कनेक्टिंग रॉड
केसिंग फोडून बाहेर आला असता.
तिसरं बेअरिंग मी बाराव्या रात्री घासलेलं,
लाईट गेलेली, कंदिलावर,
सकाळपर्यंत थांबायला काय झालं होतं मला.
हे तिला सांगितलं.
तो तुकडा तळहातावर ठेवून सांगितलं.

तिनं तो बोटानं उलटा केला, सुलटा केला.
"तुम्हाला खालून ऐकू आलं?"
"आलं."
"कुठं?"
"मोदग्याच्या वळणाला."
त्या महिन्यात पहिल्यांदा हसली ती.
"मलाही तिथंच."

इराप्पानं शेंगांची पुडी पुढं केली.
तिनं मूठभर घेतल्या. काट्याचं बघू उद्या.