बुधवारचं ठरलंय

गंगावेशीत म्हशी पहाटे येतात,
म्हणून मी पाच वाजता रिमोट दाबतो.
एकदा. मग हात वर करून.
मग टाचा उंचावून, जणू रिमोटलाच कमी ऐकू येतंय.
वर मोटर घसा खाकरते
आणि शटर निघतं,
राजारामपुरीतली आमची अख्खी गल्ली जागी करत.
समोरच्या चौगुलेवहिनी म्हणतात,
आम्ही गजर लावणंच सोडलंय.

तेरा वर्षं झाली तिला.
कपॅसिटर दोनदा बदलला, रिमोट तीनदा.
आतला प्लॅस्टिकचा गिअर झिजला तेव्हा
उद्यमनगरात जाऊन, माझ्याच जुन्या मशीनवर
पितळेचा कापून घातला. एकोणतीस दात.
मालक म्हणाला, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे?
म्हणजे गिअर फुकट पडला,
आणि फुकट पडलेली वस्तू टाकवत नाही.

शालन म्हणते, किती घातलेत हिच्यात आजवर?
मी हिशेब केला. वहीत नाही, मनात.
मनातला हिशेब जरा स्वस्त पडतो.

गेल्या महिन्यापासून नवीनच.
चौगुल्यांनी त्यांच्या गेटचं बटण दाबलं
की आमचं शटर उघडतं.
शेजारधर्म, म्हणून हसलो.
मग एका रात्री दीडला त्यांचा मुलगा पाळीवरून आला
आणि आमचं घर सकाळपर्यंत
रस्त्याला उघडं.

तौफिक शिकलगार आला. पिशवी खाली ठेवली,
वर बघितलंसुद्धा नाही.
"काका, आधी मोटर सोडवू. मग हातानं उचलून बघा."
मी वाकलो, उचललं.
गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत,
खांद्यातली जुनी कळ जागी झाली,
आणि हात सोडला तसं
धाडकन खाली.
"बघितलासा? स्प्रिंग कवाच मेलीया.
सगळं वजन हिनंच वढलंय, किती वर्सं कुणास ठावं.
ती वरडत हुती, तुम्ही तेल घालत हुतासा."

तेल खरंच घालत होतो. दर अमावास्येला, नारळ फोडून झाल्यावर.
कारखान्याच्या दारातून आवाज ऐकून
कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस मी,
घरातल्या घरात बहिरा निघालो.

तरी म्हणालो, स्प्रिंग बदल. मोटर राहू दे.

तो काही बोलला नाही.
कोपऱ्यातली पत्र्याची बादली उचलून शटरखाली ठेवली,
मोटर जोडली, बटण दाबलं.
"नवी असती तर टेकली की मागं फिरली असती."
शटर बादलीवर टेकलं.
मागं फिरलं नाही.
बादलीची कड आधी वाकली, मग कडी,
मग पोट आत गेलं, सावकाश,
कसलीच घाई नसल्यासारखं.
पलीकडं भिंतीला टेकून नातवाची तीनचाकी उभी होती.
तिच्याकडं कुणीच बघितलं नाही.

"नवी कितीला बसंल?"
हे शालननं विचारलं,
मी विचारायच्या आधी.

बुधवारी येतो म्हणालाय, स्प्रिंगसकट.
जुनीचे भंगारात सातशे, आतल्या तांब्याचे.
गिअर तेवढा काढून दे, म्हणालो.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही,
मलाही सांगता आलं नसतं.

आज सोमवार. पहाटे पाच.
रिमोट दाबला,
आणि पहिल्याच दाबात शटर उचललं,
न कुरकुरता, न खाकरता,
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा तसं.
चौगुलेवहिनी झोपून राहिल्या.

मी किटली घेऊन थोडा वेळ उभा होतो.
वर बघितलं. म्हटलं, असू दे.
बुधवारचं ठरलंय.

आणि खालून जाताना, तेरा वर्षांत पहिल्यांदा,
जरा वाकलो,
जरा पळालो.