न नेलेले कपडे

युनिटचा इतिहास लिहायला आलेला गोरा म्हातारा
मुरारच्या आमच्या दुकानात स्टुलावर बसला,
मोडक्या हिंदीत म्हणाला, सरकारी नोंदी सगळ्या पाहून झाल्या.
मी म्हणालो, बरं. आता ही पाहा.

वही नाही. आमच्या आजोबाला,
भिवाजी सोनटक्क्याला, अक्षर येत नव्हतं.
ही हातभर मांजरपाटाची चिंधी आहे,
तिच्यावर बिब्ब्याच्या खुणा:
टिंब, दोन रेघा नि फुली, कोंबडीचा पाय,
एक नुसतीच वाकडी रेघ.
एक खूण, एक माणूस.
बिब्बा सुईने टोचायचा, काळं तेल येतं,
ते कॉलरच्या आत टेकवायचं, वरून चुना.
मग भट्टीत उकळा, दगडावर आपटा,
कापड विरेल, खूण जायची नाही.
(गोऱ्यांच्या मानेवर पुरळ उठायचं त्याने.
डॉक्टर ओरडायला आला तर आजोबा म्हणाला,
साहेब, पुरळ आठ दिवसांचं,
शर्टाची अदलाबदल झाली तर जन्माचं भांडण.)

महाराजपुऱ्याच्या माळावर तेव्हा नवी धावपट्टी होती.
चार इंजिनांची विमानं, गाभण म्हशीसारखी जड,
किल्ल्याला वळसा घालून
रात्रीची उतरायला शिकायची.
चंबळच्या बेहडात सरावाचे बाँब टाकायची,
दारूऐवजी आत चुना.
गुराखी संध्याकाळी पांढऱ्या शेळ्या घेऊन घरी यायचे.

विमानावरचा आकडा आजोबाला वाचता येत नसे.
पण कोणत्या खुणा एका दिवशी घामेजतात
हे त्याला बरोबर कळायचं.
म्हणायचा, उन्हाचा घाम वेगळा नि हा वेगळा.
ह्याला सोडा जास्त लागतो.

वैशाखातल्या एका मंगळवारी
आठ खुणा परत आल्या नाहीत.
चुकलो. खुणा दोरीवरच होत्या, वाळलेल्या.
माणसं आली नाहीत.
बेहडात रात्रभर काहीतरी जळत होतं म्हणे,
मुरैन्याहून लोक बैलगाड्या जुंपून बघायला गेले.

चौथ्या दिवशी अधिकारी यादी घेऊन आला.
नाव वाचायचा, आजोबा गठ्ठा काढून द्यायचा.
आठ नावं, आठ गठ्ठे,
धुलाईचे पैसे पै न् पै चुकते.
जिथे सही करायची तिथे आजोबाने अंगठा दिला.
फळीवर एक शर्ट उरला.

हां, आठच, म्हातारा म्हणाला. माझ्याकडेही आठच आहेत.

मी फळीवरून डबा काढला.
खाकी शर्ट, कोपराला ठिगळ, कॉलर उलटून शिवलेली.
बाँबमध्ये चुना भरणारं लष्करकडचं एक पोर होतं,
दौलत्या म्हणायचे त्याला, नाव की नुसती हाक, कोण जाणे.
आजोबाला खुणांसाठी चुना तोच आणून द्यायचा,
धावपट्टीवरून, खिशात भरून.
त्या बदल्यात त्याचा शर्ट फुकट धुऊन मिळे.
दोन आण्यांची पैज लावून तो विमानात चढायचा,
मागे, शेपटीत, दडून.
आपला चुना वरून पडताना कसा दिसतो
ते त्याला बघायचं होतं.

त्या मंगळवारनंतर
चुना विकत आणावा लागला.

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पुरावा काही?
मी कॉलर उलटून त्याच्यापुढे धरली.
टिंब, खाली रेघ.
ह्याला पुरावा म्हणता येणार नाही, तो म्हणाला, फार हळू.
मग थोड्या वेळाने त्याने वही उघडली,
आठ नावांच्या खाली, समासाला चिकटून,
पेन्सिलीने नाही, पेनाने, खूण काढली:
टिंब, वर रेघ.

रेघ खाली, मी म्हणालो.

तो खोडायला काहीतरी शोधत राहिला खिशात.
बाहेर भट्टीवर पाणी उकळून अर्धं झालं होतं.