दोन कळप, एक कुंपण

पाच हजार मीटरवर श्वास उसना आणावा लागतो.
म्हणून आम्ही खालच्या तळावर बसतो,
नाकात नळी न लावता चहा पिता येईल इतपत खाली.
वर पठारावर सहासष्ट अँटेना
मी कळ दाबली की
एकदम माना वळवतात.

आजच्या यादीत सातव्या क्रमांकावर
दोन दीर्घिका, एकमेकींत शिरलेल्या.
हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा
मासा अजून जमिनीवर चढला नव्हता.

भांड्याला भांडं लागलं की आवाज व्हायचाच.
पण इथे लागतच नाही.
अब्जावधी तारे अब्जावधी ताऱ्यांमधून
निघून जातात, खांद्याला खांदा न घासता.
भिडतो तो वायू.
भिडतो, तापतो, आपली गिरकी हरवून बसतो,
आणि गिरकी गेली की
पडण्यावाचून काही उरत नाही.
मधोमध जे काळं बसलेलं असतं
त्याच्यापुढे आयतं ताट येतं.

मी नऊ वर्षांची होते.
आई, एदुविहेस, लग्न करून
सोकाइरेच्या फेलीसियानोकडे गेली, मला घेऊन.
आमचे चाळीस लामा, त्याचे सत्तावन्न.
आमच्यांच्या कानात लाल लोकर, त्याच्यांच्या पिवळी.
एकाच कुंपणात सोडले.
वाटलं, आता तुडवातुडवी.
एकही एकावर आपटला नाही.
धूळ मात्र अशी उठली
की भरदुपारी लास्कारचा डोंगर दिसेना.
तिसऱ्या दिवशी धूळ बसली
तेव्हा लाल पिवळ्यात मिसळलं होतं
आणि आई बोलायची थांबली होती.
नेमकी कधी, कुणी पाहिलं नाही.

वाढ धुळीआडच होते.
म्हणून तर हे अँटेना, धुळीपल्याड बघणारे.

पडद्यावर दोन ठिपके.
'दोघंही जेवतायत,' मिझुए म्हणते.
ती ओसाकाहून आली आहे, दहा रात्रींसाठी,
आणि बिस्किटं चहात न बुडवता खाते.
म्हणते, ही दोन विवरं आता एकमेकांभोवती फिरतील,
वाटेतले तारे भिरकावत जवळ येतील.
मग भिरकावायला कुणी उरणार नाही.
तो शेवटचा टप्पा ती कशी ओलांडतात
यावर अजून भांडणं चालू आहेत.
आणि खाणं फार झालं
की आतूनच वारा सुटतो,
उरलासुरला वायू दारापलीकडे लोटतो.
मग त्या घरात पाळणा हलत नाही.

आमच्याकडेही नाही हलला.

मी विचारलं,
म्हणजे जिथे मधलं एवढं जड झालंय
तिथे कुणीतरी येऊन धडकलेलं असणारच?
ती हसली. 'छे.
मोजून पाहिलं आम्ही. कितीतरी आहेत,
सर्पिल हात नीट विंचरलेले,
कुणी उंबरा ओलांडून आत आल्याची खूण नाही,
आणि तरी मधलं खात असतं.
थेंबे थेंबे. घरच्याच अन्नावर.
सगळ्यात दांडगी कदाचित धडकांनी वाढली असतील.
कदाचित.'

मला सातुर्निना मावशी आठवली.
कामारला एकटी. अठरा शेळ्या, एक गाढव.
ना लग्न, ना कुणाचं येणं.
ऐंशीव्या वर्षी तिची गप्प
आईच्या गप्पेहून जड होती.
उचलायला गेलं की हात मोडावा, अशी.

तीस वर्षं मी सगळं
फेलीसियानोच्या खात्यावर मांडत आले.
त्याने दर फेब्रुवारीत
नव्या पिल्लांच्या कानात लाल आणि पिवळी
दोन्ही लोकर ओवली, सुई स्वतः धरून,
हे कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

चार वाजून दहा मिनिटं.
चहावर साय धरली आहे.
आठव्या क्रमांकावर एक एकटी दीर्घिका आहे,
शेजारी कुणी नाही.
मी माना वळवते.