सहावा कप

गुरुवारी दुपारी बेल वाजली.
दारात चांगुणा, डोक्यावर पाटी नाही.
सवयीने म्हणाले, "आज वार आहे गं."
ती म्हणाली, "मासली नाय आनली. मीच आयली."

लिफ्ट बंद. दोन जिने चढून आलेली
एकेका पायरीशी घासाघीस करत.
आम्ही दोघींनी बेचाळीस वर्षं घासाघीस केली,
हलव्याच्या तुकडीवरून, बोंबलांच्या वाट्यावरून.
एकदा आठ आण्यांसाठी मी दार लावून घेतलं
आणि भिंगातून पाहत राहिले, जाते का.
गेली नव्हती.
तीही भिंगाकडेच पाहत होती.

माहीमच्या ह्या घरात
ती कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती.
उंबरा कसला, दाराखालची लाकडी पट्टी,
पण पट्टीच्या आतली लादी माझी, बाहेरचा पॅसेज तिचा.
असं कुणी ठरवलं नव्हतं.
ठरलेलं होतं.

आज म्हटलं, आत ये, बस.
बसली खुर्चीच्या अगदी टोकावर,
खुर्चीचा भाव अजून ठरायचा असल्यासारखी.

चहा टाकला. आलं किसलं,
गॅलरीतल्या डब्यातली गवती चहाची पात खुडली.
"साखर?"
"डाक्टरनं बंद केली. अर्धा चमचा घाल."
"पाव घालते."
"अर्धा. नि वर एक चिमूट."
वर एक मांदेली टाक म्हणायचे मी तिला,
नेमकी ह्याच आवाजात.

कपासाठी फडताळ उघडलं आणि थांबले.

लग्नात धाकट्या मावशीने दिलेला सेट,
सहा कप, निळी फुलं.
पहिला फुटला मुलाच्या बारशाला.
दुसरा कधी, आठवत नाही.
तिसरा मी फोडला आणि नाव घातलं कामवालीवर.
दोन एकदम गेले ह्यांच्या तेराव्याला,
कुणीतरी ट्रे तिरका धरला.
उरला सहावा, कडेला टवका गेलेला,
म्हणून वेगळा काढलेला, गॅलरीच्या कोनाड्यात पालथा,
ज्यातून मी चांगुणेला चहा द्यायचे,
पातेलं कपाला लागू नये इतक्या उंचावरून ओतून.
वास राहतो गं, असं तिला सांगितलंही होतं.
आणि अर्ध्या तासात तोच वास
माझ्या हाताला, पदराला, दाराच्या कडीला.

कुणी वापरला नाही म्हणून टिकला.
चार वर्षं मी त्यातूनच पिते आहे,
एकटीला एक पुरतो.
आपण तिचा कप पितोय
हे कधी मनातही आलं नव्हतं.

मुलाने आणलेला एक मग होता, वर कुठल्याशा बँकेचं नाव.
तिला मग दिला तर?
कप दिला तर?
चहावर साय धरेपर्यंत उभी राहिले.
"वैनी, चाय आटली काय गो?"

तिला मग दिला. मी कप घेतला.
तिने पाहिलं. ओळखलं.
पुढे वाकून टवक्यावर बोट ठेवलं,
"ह्या अंगानं नको पिऊ.
ओठ कापतो. मना ठाव हाय."

मी कप फिरवला.
काही म्हणायला हवं होतं, ते चहाबरोबर गिळलं.
फार गरम होतं.

मग गुडघे. मग तिची सून.
मग दात: तिचे खालचे सहा, माझे सगळे डब्यात,
आता काट्याची मासळी दोघींना बंद.
मुलगा फोनवरून मागवतो म्हटलं, घरपोच येते.
"दाखव."
फ्रीजमधून पुडा काढून हातात दिला,
बर्फातले चौकोनी तुकडे, ना डोकं ना शेपूट.
तिने अंगठ्याने दाबला, उलटा केला, नाकाशी नेला.
"डोला नाय, कल्ला नाय. वलखायचा कसा?"
मग हळूच, "कितीला दिला?"

मी आकडा सांगितला.

चांगुणा खुर्चीत मागे रेलली,
पाठ पूर्ण टेकून,
आणि पुडा मांडीवर तसाच ठेवून
पॅसेजभर ऐकू जाईल अशी हसत सुटली.