बुधवारी दुकान बंद

कुपवाड फाट्यावर माझं दुकान आहे, पंक्चरचं.
एक कॉम्प्रेसर, एक घमेलं, वर पत्रा,
आणि भावानं रंगवून दिलेली पाटी:
सुमेध टायर वर्क्स.
पोरगं तेव्हा दीड वर्षाचं होतं.

यंदा आषाढात ट्यूबा कमी पडायला लागल्या.
सोल्यूशनच्या म्हणतोय मी, बोटाएवढ्या असतात त्या.
गिऱ्हाईक तेवढंच, पंक्चर तेवढीच,
आणि खोकं आठवड्यात रिकामं.
होलसेलवाल्याला शिव्या घातल्या, कमी भरतोस म्हणून.
त्यानं माझ्यासमोर मोजून दाखवल्या. पन्नास.
दोनदा मोजल्या.

मग रुमाल सापडला,
दप्तरात, कंपासपेटीखाली,
वाळून पापडासारखा कडक.
माझ्याच धंद्याचा वास.
घरात तो कधी जाणवलाच नाही मला,
रोज माझ्याबरोबरच तर यायचा घरी.

मारलं. लपवून काय करू.
टायर काढायच्या पट्टीनं नाही, हातानं,
पण मारलं.
आई मधे पडली, तिचं काकण फुटलं.
सुमेध रडला नाही.
कॅलेंडरकडं बघत उभा राहिला,
गाडी लावून गिऱ्हाईक उभं असतं ना,
काम कधी होतंय बघत,
तसा.

शेजारी म्हणाले, गावाकडं धाडा.
मेहुणा म्हणाला, तालमीत घाला.
हेडसरांनी चहा पाजला
आणि हळूच दाखल्याचं काढलं.
पीटीच्या मॅडमनी तेवढं वहीचं पान फाडून लिहून दिलं:
सिव्हिल, मागची इमारत, खोली सात, बुधवार.
खाली बारीक अक्षरात,
तुम्ही पण जा. एकट्याला पाठवू नका.

खोली सातमध्ये सहा खुर्च्या, एक स्टूल.
स्टुलावर आरगे बाई बसतात.
मिरजेचा एक सतारी करणारा येतो, नखांत लाख,
त्याची मुलगी दहावीला, खोकल्याच्या बाटल्या.
हळदीच्या पेठेतला एक अडत्या, कडक इस्त्री, मान खाली.
मला वाटायचं, हे माझ्यासारख्यांच्याच घरी होतं.
त्याला वाटायचं, हे तुमच्यासारख्यांच्याच घरी होतं.
बोलून गेला तो तसं.
जरा वेळ कुणीच काही बोललं नाही,
मग सगळेच हसलो, तो पण.

बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो पोराचा नव्हता.
"गालात काय आहे?"
बाहेर जाऊन थुंकून आलो.
"कितव्या वर्षापासून?"
म्हटलं, बाराव्या.
सुमेधनं मान वर केली.
महिनाभरात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं.

एकदा बाईंना म्हटलं,
मला हे बोलणंबिलणं जमत नाही.
नुसतं बघून भोक सापडत नसतंय, एवढं कळतं मला.
ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात धरायची,
थोडी थोडी फिरवत ऱ्हायचं, बुडबुडा येईस्तोवर.
आणि सोल्यूशन लावलं की लगेच ठिगळ दाबायचं नाही.
थांबायचं.
बाई म्हणाल्या, येतंय की तुम्हाला.

सतरा दिवस निघाले.
अठराव्या दिवशी जेवताना, ताटाकडं बघत, तो म्हणाला,
काल झालं परत.
माझा हात उठला होता.
तो मी तांब्याकडं नेला, पाणी ओतलं त्याला.
म्हटलं, मी पण काल खाल्ली. दोनदा.
त्याची आई आमच्या दोघांकडं बघत बसली
आणि भाकरी तव्यावर करपली.

आता ट्यूबांचा डबा कुलपात, किल्ली तिच्याकडं.
बुधवारी दुकान बंद.
निघायच्या आधी मी हात धुतो,
राखेनं, लिंबानं, शेवटी कणकेनं.

परवा विश्रामबागच्या सिग्नलला तो मागून म्हणाला,
पप्पा, अजून येतो का माझा वास?
हँडल सोडून मी तळवा नाकाशी धरला.
म्हटलं, माझाच येतोय.

मागचे हॉर्न मारायला लागले.
गाडी काढली तेव्हा
कमरेपाशी त्यानं माझा शर्ट धरला,
दोन बोटांनी,
न धरल्यासारखाच.