लाल नळ

शारजात उतरल्यावर मुनाफनं शिकवलेली
पहिली गोष्ट: जूनपासून गीझर बंद,
आणि आंघोळीला लाल नळ सोडायचा.
निळ्यातून येतं ते गच्चीवरच्या टाकीत
दिवसभर तापलेलं.
लालमध्ये कालचं, आतल्या आत निवलेलं.

सुमैय्याला पटेना.
दाभोळच्या अंगणवाडीत लाल म्हणजे चटका.

आमची खोली म्हणजे एका हॉलचा तिसरा भाग.
प्लायच्या भिंतीला वर हातभर फट,
एकच एसी तिघा बिऱ्हाडांना पुरावा म्हणून.
फटीतून बिजूचा खोकला येतो,
खोबरेल तापल्याचा वास,
महिनाअखेरीला दबक्या आवाजातलं भांडण.
आमचंही जात असेल.

मुनाफची बस पहाटे चारला.
भर दुपारी काम थांबतं तेव्हा
परांचीच्या सावलीत पुठ्ठा टाकून पडतो.
त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
आम्हा दोघींचे माझ्या उशीखाली,
साठ दिवसांचे. त्यातले एकोणीस गेले.
मी अबायांना मणी लावते,
काळ्यावर काळे,
डोळ्यांपेक्षा बोटांनाच जास्त दिसतात.

शुक्रवारी सासूबाईंचा फोन.
"पाणी तरी मिळतं ना गो?"
"चोवीस तास," मी म्हणते, "विहीर नको, कळशी नको."
सुमैय्या फोन ओढून घेते:
"दादी, इथं थंड पाणी लाल नळाला येतं!"

पलीकडे बराच वेळ नुसतं कोंबड्यांचं ऐकू येतं.
मग त्या विचारतात,
"आणि पितां कुठल्या नळाचं?"

दाराशी विकतचा बाटला, तळाला आलेला.
मी त्याच्याकडे बघत म्हणाले,
आवाज तुटतोय, मागाहून करते.